दुसऱ्यांदा पदवीधर होऊ इच्छिणाऱ्यांस

एक पदवी पदरात असताना परदेशात जाऊन पुन्हा पदवीच घ्यावी, असे ज्यांच्या मनाने घेतले आहे, त्यांनी ही गोष्ट सर्वप्रथम घरात जाहीर करू नये. सोलापुरात सकाळी घरात जाहीर झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नवी पेठेत पोहोचते, आणि तिथे तिची ‘पोरगं बी.कॉम.ला गटांगळ्या खाल्लं म्हणे, आता अमेरिकेत परत बसतंय’ अशी बातमी होते. एम.एस.ला निघालेल्याच्या घरी पेढे येतात, दुसऱ्यांदा बी.एस.ला, म्हणजे पुन्हा पदवीलाच, निघालेल्याच्या घरी नातेवाईक येतात आणि हळू आवाजात बोलतात. तेव्हा विचारणाऱ्याला ‘अमेरिकेला शिकायला’ एवढेच सांगावे आणि विषय पावसाकडे वळवावा.

या मार्गावरची मुख्य अट कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. ती अशी की, आपली पहिली पदवी अत्यंत भक्कम असल्याचे एका टेबलावर सिद्ध करायचे, तीच पदवी पुरेशी नसल्याचे दुसऱ्या टेबलावर सिद्ध करायचे, आणि दोन्ही टेबलांवर कागद मात्र तेच न्यायचे.

पहिले टेबल अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाचे. सोलापूर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 रोजी स्थापन झाले. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणून आपण चाळिशी ओलांडली असेल आणि आता संगणकशास्त्र शिकण्याची उबळ आली असेल, तर महाविद्यालय एका जिल्ह्यातले आणि गुणपत्रिका दुसऱ्या जिल्ह्यातली कशी, याचे उत्तर तयार ठेवावे. तरुणांनीही निश्चिंत राहू नये. 2019 साली विद्यापीठाच्या नावाआधी ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर’ आले, त्यामुळे त्या सुमारास शिकलेल्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकांवर विद्यापीठाची नावे वेगळी असू शकतात. ही दोन नसून एकच विद्यापीठ आहे, हे सातासमुद्रापलीकडच्या कारकुनाला पटवण्याइतके इंग्रजी ज्याला येते, त्याने भाषेची परीक्षा वेगळी का द्यावी, असा प्रश्न कोणाला पडेल. परंतु ती द्यावीच लागते.

ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा, अनेक ठिकाणी अजूनही बंद पाकिटात मागतात. पाकीट चिकटवून त्यावर गोल शिक्का असा मारतात की अर्धा झाकणावर पडावा आणि अर्धा पाकिटावर. ही दोन अर्धुके एकमेकांपासून जराशी सरकलेली दिसली, तरी आतला कागद रद्दीच्या भावाचा होतो. म्हणून हे पाकीट आणल्याबरोबर कपाटात कुलूपबंद करावे. घरातील कोणीतरी वडीलधारे ‘मार्क बरोबर घातलेत का, तेवढं बघू’ म्हणत ते चहाच्या वाफेवर धरल्याशिवाय राहत नाही, आणि पुन्हा चिकटवताना खळ इतकी वापरते की पाकिटाचा पुठ्ठा होतो.

नावाचेही असेच आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपले नाव, मग वडिलांचे, असा आपला परिपाठ. तिकडे शेवटचा शब्द तो आडनाव. परिणामी आपण तिकडच्या दफ्तरात वडिलांच्या नावाने नोंदले जाता. पितृभक्तीचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही. तो नको असल्यास कोर्टाच्या आवारात जाऊन, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे, असे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे.

पदवी तीन वर्षांची आहे, हे उघड झाल्यावर खरी मौज सुरू होते. अमेरिकेत पदवी चार वर्षांची आणि साधारण 120 क्रेडिटची असते (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे वजन मोजण्याचे तिकडचे माप). तेथील काही विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवी म्हणून मान्य करतात, तर काही तिला केवळ तीन वर्षांचे शिक्षण समजतात. जिथे ती मान्य होते तिथे आपण दुसऱ्या पदवीचे उमेदवार ठरता, आणि दुसरी पदवी देतच नाही, असा कित्येक विद्यापीठांचा नियम असतो. जिथे ती मान्य होत नाही तिथे आपली पहिली पदवी झालेलीच नसल्यामुळे दुसरी हीच पहिली ठरते, आणि अर्धवट शिकलेला विद्यार्थी म्हणून प्रवेशाचा मार्ग मोकळा होतो. थोडक्यात, जिथे मान तिथे दार बंद आणि जिथे अपमान तिथे दार सताड उघडे. शहाण्याने अपमान पत्करावा. फक्त हा निर्णय वडिलांना सांगताना, बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेल्या पदवी प्रमाणपत्राखाली उभे राहू नये.

प्रवेश मिळाला की जुन्या विषयांतले काही क्रेडिट माफ होतात, आणि दुसऱ्या पदवीसाठी किमान 30 क्रेडिट त्याच विद्यापीठात नव्याने करावेत, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. तीस म्हणजे एक वर्ष, असा हिशेब आपण लगेच मांडाल. संगणकशास्त्रात मात्र एक विषय झाल्याशिवाय त्याच्या पुढचा घेता येत नाही, त्यामुळे एका सत्रात कामाचे दोनच विषय हाती लागतात. आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याने दर सत्राला 12 क्रेडिट घेतलेच पाहिजेत, त्यातही ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. (शेवटच्या सत्राला सवलत मिळू शकते, तोवर शिकण्याची हौस फिटलेली असते.) उरलेली जागा भरायला मातीकाम, बॅडमिंटन असे विषय असतात, आणि परदेशी विद्यार्थ्याला त्यांचेही शुल्क चढ्या दरानेच पडते. कुंभार वेशीजवळ वाढलेल्या मुलाने डॉलर मोजून मडके वळायला शिकणे, यालाच ज्ञानाचे जागतिकीकरण म्हणतात.

पैशाविषयी फार लिहावे असे काही नाही, कारण मिळणारेच फार नाही. अमेरिकी सरकारची विद्यार्थी मदत परदेशी विद्यार्थ्याला लागू नसते, प्रवेशाच्या वेळच्या शिष्यवृत्त्या बहुधा पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी असतात, आणि सत्र सुरू असताना विद्यापीठाच्या आवारातले काम आठवड्याला 20 तासांपुरते. तरीही आय-20 हा व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद हाती येण्याआधी पहिल्या वर्षाचा सगळा खर्च खात्यावर दाखवावा लागतो. त्यासाठी सीएचा दाखला, वडिलांची विवरणपत्रे, टॉवेलच्या कारखान्याचा ताळेबंद आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या जमिनीचा सातबारा जोडतात. मामांनी आदल्या आठवड्यात ‘चार दिवसांपुरते’ म्हणून टाकलेली रक्कम ही मामांची माया आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती नुसती रक्कम दिसते. पुढे सेव्हिसचे (ही परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा) 350 डॉलर आणि व्हिसा अर्जाचे 185 डॉलर भरायचे. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाहीत, त्यामुळे ती अपेक्षाही नको.

मग दुसरे टेबल, म्हणजे मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतला व्हिसाचा काउंटर. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यातील कलम 214(ब) असे सांगते की, उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच आलेला आहे, असे धरावे. त्यामुळे जो आजवर हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसताना ‘या गावात काय ठेवलंय’ म्हणत आला, त्याने काचेपलीकडच्या अधिकाऱ्याला, मी सोलापूरला परतल्यावाचून राहूच शकत नाही, असे सांगायचे असते. मायभूमीवरचे हे प्रेम बहुतेकांना मुलाखतीच्या रांगेतच पहिल्यांदा जाणवते. जून 2025 पासून विद्यार्थी अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगितले जाते. तेव्हा ‘एकदा गेलो की परत येत नसतो भावा’ ही जुनी पोस्ट त्याआधी शोधून पुसून टाकावी.

इथे प्रश्न येतो: पदवी आहे, मग पुन्हा पदवी कशाला, एम.एस. का नाही? याचे खरे उत्तर एका वाक्याचे आहे. आपली पदवी वाणिज्याची असून संगणकशास्त्राच्या एम.एस.ला लागणारे पायाभूत विषय आपण शिकलेलो नाही. हे उत्तर खरे, छोटे आणि अधिकाऱ्याला समजण्याजोगे असल्यामुळे कोणताही सल्लागार ते शिकवत नाही. तो जागतिक दृष्टिकोनावर दीड मिनिटाचे भाषण पाठ करून घेतो, आणि आपल्या पुढच्या मुलीने तेच भाषण नुकतेच म्हटलेले असते.

इतर देशांची चौकशी करायची तर खुशाल करावी. जर्मनीत वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवावे लागतात, आणि भारतीय कागदपत्रांना एपीएसचे, म्हणजे ती खरी असल्याचे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे, प्रमाणपत्र लागते. ऑस्ट्रेलियाने मार्च 2024 पासून ‘खरा विद्यार्थी’ असल्याची कसोटी लावली आहे. पदवी मिळवूनही पुन्हा त्याच इयत्तेत बसायला निघालेल्या माणसाइतका खरा विद्यार्थी त्यांना आणखी कुठे मिळणार, हा युक्तिवाद मात्र अर्जात लिहू नये.

राहता राहिली शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, म्हणजे ओपीटी. ती एका शैक्षणिक पातळीला 12 महिने मिळते, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक विषयांना पुढे 24 महिने वाढवता येते. ज्याने पहिली पदवी अमेरिकेतच घेऊन हे 12 महिने वापरले, त्याला त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीवर ते पुन्हा मिळत नाहीत. आपली बी.कॉम. सोलापूरची असल्यामुळे हे महिने शाबूत असतात. साऱ्या प्रकरणात सोलापूरची पदवी अमेरिकेच्या पदवीला भारी पडते, अशी ही एकच जागा आहे. ती तिकडे शिकलेल्या चुलतभावाच्या कानावर जरूर घालावी, आणि फोन लावताना त्याच्याकडे किती वाजले असतील, याचा फार विचार करू नये.