बिचवा सरळ करून मिळेल

बिचवा, म्हणजे नागमोडी पात्याचा छोटा खंजीर, वाकडाच असतो. हे वाक्य काल मी वेल्डिंगच्या शेडमध्ये इतक्यांदा म्हटलं, की शेवटी मलाच शंका यायला लागली.

ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगचा) तुकडा, भाड्याची भट्टी आणि स्वतः बिचवा घडवायची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात. शेडवाल्याचा तासाचा दर मात्र असतो. नऊ इंचांच्या वर पातं गेलं की शस्त्र कायदा आडवा येतो, म्हणून मी आठावर थांबलो. धार लावायची नव्हतीच, फक्त घाट हुबेहूब हवा होता. ठोकून ठोकून ती नागमोडी वळणं आली, तेव्हा खांदा निखळायचा बाकी होता.

तेवढ्यात विळा पाजवायला एक आजोबा आले आणि थेट माझ्या ऐरणीशेजारी डबा पालथा घालून बसले.

"वाकलंय की रं."

"बिचवा तसाच असतो, आजोबा. १६५९ साली प्रतापगडाखाली महाराजांनी..."

"ते ठावं हाय मला. ह्यानं गवात कापंल का?"

"गवतासाठी नाही हो हे."

"मंग कशापायी? आन् दोन्हीकडनं धार? बोट कुटं ठिवायचं?"

मी मुठीच्या कडीत बोटं घालून दाखवली. त्यांनी मान हलवली. "डब्याची कडी हाय ही."

पाणी द्यायचं, म्हणजे पातं कडक करायचं, बाकी होतं. पातं लाल करून चुंबक लावायचं. साधारण ७७० अंशांला ते चिकटेनासं होतं, मग थोडं आणखी तापवून तेलात. त्याआधी चहा घेऊ म्हणून टपरीवर गेलो. परत येतो तर पातं फुटपट्टीसारखं सरळ!

"आजोबा म्हणाले वाकलंय," शेडवाला म्हणाला. "म्हटलं, तुम्ही नवीन, सांगायला लाजत असाल."

२०२४ मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं. छान झालं. पण सत्काराला पुढाऱ्यांच्या हातात देतात ती चकचकीत स्टीलची तलवार, म्यानातून काढताना मुठीसकट हातात येते, तिला कुणी विचारत नाही गवत कापशील का म्हणून. उलट फोटो काढतात. घाम गाळून केलेल्या पात्याची मात्र विळ्याच्या रांगेत चौकशी!

बिलात 'पातं सरळ करणे' म्हणून ऐंशी रुपये लावले होते. मी हुज्जत घातली, तर साठ झाले. आजोबांचा विळा त्यानं फुकट पाजवून दिला. ओळखीचे म्हणे.