‘डब नाही हे लपवलं’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. तुम्हाला आणि मिसेसना मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. ‘स्कूल डेज’ या जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकेचा डीव्हीडी सेट ४,२०० रुपये मोजून नेला, घरी लावला तर नुसतं जपानी आणि खाली इंग्रजी सबटायटल. हिंदी नाही, इंग्रजी डबसुद्धा नाही. दुकानदारानं हे मुद्दाम लपवलं, असं तुम्ही लिहिलंय. उशिराचं बोललात, किमतीचं बोललात, ते ऐकून घेतो. पण ‘लपवलं’ हा शब्द फार लागला, सर.

त्या शनिवारचं मला चांगलं आठवतंय. सेट काउंटरवर उलटा ठेवून, मागे खाली बारीक अक्षरांत ऑडिओचं लिहिलेलं असतं तिथे बोट ठेवून मी म्हणालो होतो, “हा फक्त सबटायटलवाला आहे बरं का, चालेल ना?” तुमच्या कानात ब्लूटूथ होता. तुम्ही मान हलवलीत, मला वाटलं मलाच. आता वाटतं, ती फोनवरच्या माणसासाठी असावी. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, “टोइंग आलं!” तारीख पी-टूच्या पार्किंगची आणि तुमची गाडी पी-वनच्या बाजूला. तुम्ही स्कॅन करून पैसे टाकलेत आणि सेट घेऊन पळालात. बिल काउंटरवरच राहिलं. त्यावर आमच्या हिनं स्वतःच्या हातानं ‘ओन्ली सब’ लिहिलंय. बिल अजून खिळ्याला लावलेलं आहे, कधीही येऊन बघा.

आणि डबवाला सेट मी आणणार कुठून? २००७ ची बारा भागांची मालिका. अमेरिकेत ती डिस्कोटेक मीडिया या कंपनीनं काढली, तीच मुळात जपानी आवाजात. डब करायचा म्हणजे कलाकार, स्टुडिओ, दिग्दर्शक, सगळा खर्च आला. जुन्या आणि वादग्रस्त मालिकेचे गिऱ्हाईक मोजके, त्यांच्यावर तो कोण करणार? आपण सगळे ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीतून बघत मोठे झालो, त्यामुळे जपानी म्हटलं की हिंदी असेलच असं वाटतं, हे मी समजू शकतो. आता तर मोठे सिनेमे थिएटरात हिंदी, तमिळ, तेलुगूत येतात. पण प्रत्येक मालिकेचं नशीब तसं नसतं. आमची निम्मी गिऱ्हाइकं जपानीच्या क्लासची मुलं आहेत, जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षेला बसणारी. ती उलट विचारतात, “काका, डब तर नाही ना?” आता मी कुणाकुणाचं ऐकू?

ऑर्डर घेताना तुमचा प्लेअर कुठला, हेही मी विचारलं होतं. अमेरिकन डीव्हीडी रिजन एकची, आपल्याकडचे प्लेअर रिजन पाचचे, म्हणजे साध्या प्लेअरवर ती चालत नाही. लपवायचं असतं तर हे तरी कशाला विचारलं असतं?

राहिली सेटवर लावलेली ‘रोमँटिक कॉमेडी’ ही चिठ्ठी. ती चूक आमची. चिठ्ठ्या पुतण्या लावतो. त्यानं पहिले तीनच भाग बघितलेले. आगगाडीतली मुलगी, तिच्यावर जीव जडलेला मुलगा, जुळवून देणारी मैत्रीण. एवढ्यावर त्यानं लिहून टाकलं. शेवट इथे सांगत नाही, बाकीचेही वाचताहेत. पण शेवटचा भाग टीव्ही कानागावा या जपानी चॅनेलनं १८ सप्टेंबर २००७ ला ऐनवेळी रद्द केला होता. क्योटोत एका सोळा वर्षांच्या मुलीनं कुऱ्हाडीनं वडिलांचा खून केला होता, त्या सुमारास हे दाखवणं चॅनेलला बरं वाटलं नाही. त्या जागी अर्धा तास निसर्गदृश्यं दाखवली. त्यात एक बोट होती, आणि ‘नाइस बोट’ म्हणून तिची थट्टा जगभरातले ॲनिमेवाले आजही करतात. ज्यांना हे माहीत असतं ते चिठ्ठी वाचून हसतात, आम्हीही हसून सोडून देत होतो. तुमच्या मिसेस जेवताना ताटावरून उठल्या हे वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. त्यांना माझ्यातर्फे वेगळं सॉरी सांगा.

उशिराचं म्हणाल तर पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं. त्यावर माझा इलाज नाही, पण तीन आठवड्यांत एक फोन करायला हवा होता, तो राहिला.

चिठ्ठ्या बदलायचं काम चालू आहे, जमेल तसं. ‘डब आहे / नाही’ अशी मोठी पाटीही लावू. पुण्यात पाटी लावली की लोक फोटो काढतात, वाचत नाहीत, तो भाग वेगळा.

दुकान लहान आहे सर, एका स्टारनं दिवसाचा गल्ला हलतो. सील फुटलेला माल आम्ही परत घेत नाही, तुमचा घेऊ. पूर्ण पैसे की अर्धे, ते समोरासमोर बोलू. सोमवारी बंद असतं. येताना सगळ्या डिस्क असतील तेवढं बघा, आणि गाडी लावण्याआधी तारीख.