‘ग्रामसभेत जाऊन काय उपयोग?’ या मजकुराला उत्तर

ग्रामसभेची तारीख जवळ आली की गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एकाच आशयाचा मजकूर फिरू लागतो. ग्रामसभेला खरे अधिकार नसतात, ठराव आधीच लिहिलेले असतात, तिथे बोलणे हे शिकलेल्यांचे काम आहे आणि जो बोलतो त्याच्या वाट्याला वैर येते. तेव्हा मत दिले की आपले कर्तव्य संपले, असे त्यात सांगितलेले असते. तो पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात अनुभवातून आलेला वैताग असतो, हे मान्य आहे. परंतु त्यावर विश्वास ठेवून घरी बसणाऱ्यांमुळे कोणाचे फावते, याचा विचार त्यात कुठेच नाही.

अधिकारांच्या मुद्द्याला उत्तर थोडक्यात देता येते. १९९३ साली लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. महाराष्ट्रातील कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि पुरेशा कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. गावाचा विकास आराखडा, जमाखर्च आणि शासकीय योजनांच्या लाभार्थ्यांची निवड हे विषय ग्रामसभेपुढे यावे लागतात. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध ग्रामपंचायत सदस्यांनी अविश्वास ठराव संमत केला, तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्याला मान्यता मिळावी लागते.

‘सगळे आधीच ठरलेले असते’ हा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे, कारण तो अनेक गावांत खरा ठरतो. कागदावरच झालेल्या ग्रामसभा आणि नंतर घरोघर फिरवून सह्या घेतलेली नोंदवही यांविषयी ग्रामीण भागात कोणाला नव्याने सांगायला नको. पण हे घडते कसे, ते पाहिले पाहिजे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. म्हणजे ३,००० मतदारांच्या गावात १०० आणि ४०० मतदारांच्या गावात अवघी ६० माणसे जमली तरी सभा होऊ शकते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. तेव्हा मूठभर माणसांनी केलेला ठराव हाच संपूर्ण गावाचा ठराव ठरतो. आधी ठरवून ठेवणाऱ्यांना जी मोकळीक हवी असते ती त्यांना रिकाम्या सभेतून मिळते, आणि ‘जाऊ नका’ असे सांगणारा मजकूर, नकळत का होईना, ती सभा रिकामी ठेवण्याचेच काम करतो. याउलट, ठराव वाचून दाखवण्याची मागणी करणारी, आपली हरकत इतिवृत्तात नोंदवून घेणारी आणि नंतर माहितीच्या अधिकारात त्या इतिवृत्ताची प्रत मागणारी वीस माणसे जरी सभेत असली, तरी मागाहून मजकूर घुसडणे अवघड होते. आराखड्यात कोणती कामे धरली आणि त्यांवर किती खर्च दाखवला, हे आता ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सभेला जाण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

शिक्षणाविषयीच्या मुद्द्याला दोन ठिकाणांनी उत्तर दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घेतला जातो. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क या गावाला २००९ साली मिळाला. पुढे २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही वनखात्याकडून ग्रामसभेकडे आला. दुसरे ठिकाण ओडिशातील नियमगिरीचा डोंगर. खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर तिथे १२ ग्रामसभा झाल्या. शाळेची फारशी संधी न मिळालेल्या डोंगरिया कोंध आदिवासी स्त्री-पुरुषांनी त्यांत बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. बाराही सभांचा निर्णय एकच होता, आणि तो प्रकल्प त्या डोंगरावर होऊ शकला नाही.

राहिला वैराचा प्रश्न. ही भीती खोटी नाही, विशेषतः भावकीच्या गावात आणि स्त्रियांच्या बाबतीत. म्हणूनच ग्रामसभेपूर्वी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथे झालेली मागणी एकट्या बाईची राहत नाही, ती सभेची होते. दारूचे दुकान बंद करण्यासाठीचे ‘आडवी बाटली’चे मतदानही गुप्त असते, आणि गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद करावे लागते. ज्यांना उभे राहून बोलणे जड जाते त्यांनी चार-पाच शेजाऱ्यांच्या सह्यांचा लेखी अर्ज सभेपूर्वी ग्रामपंचायतीत द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि तो विषय सभेत वाचला जाईपर्यंत सर्वांनी मिळून तिथे बसावे.