‘शेजाऱ्याला सगळं माहीत असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक लातूरकर’ यांस,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसणार होते, पण रागाच्या भरात काहीतरी जास्त लिहून जाईन म्हणून दोन दिवस जाऊ दिले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’वर मी लेख लिहिला, त्यात खुनी कोण ते आधीच फोडलं, हा तुमचा पहिला आक्षेप. गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी निघतो ही वाचकाची शुद्ध फसवणूक आहे, हा दुसरा. इंग्रजी नावांनी डोकं उठलं, असंही मध्येच एका ओळीत आहे. आणि मग ते शेवटचं वाक्य, जे मी जसंच्या तसं उतरवते: “आमच्या मराठवाड्यात असली कोडी होत नसतात मॅडम, शेजाऱ्याला सगळं माहीत असतं, पण तुमच्यासारख्या फ्लॅटात बसून लिहिणाऱ्या बायकांना ते काय कळणार.”

पहिलं मान्य. सूचना न देता खुन्याचं नाव लिहायला नको होतं. पुस्तक १९२६ सालचं, म्हणजे रहस्यकथा वाचणाऱ्या सगळ्यांनी वाचलेलंच असणार असं मी धरून चालले, ते चुकलं. लेखाच्या सुरुवातीला आता तशी ओळ टाकली आहे. या उत्तरातही पुढं सगळं उघड आहे, तेव्हा ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी इथंच थांबावं.

फसवणुकीचं म्हणाल, तर निवेदकानं मनातलं काही लपवू नये हा नियम रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकारानं लिहिला १९२९ मध्ये, पुस्तक आल्यावर तीन वर्षांनी. मागाहून आलेल्या नियमानं आधीच्या पुस्तकाला दोषी कसं धरणार? ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या लेखकांनी २०१३ साली याच पुस्तकाला आजवरची सर्वोत्तम गुन्हेकादंबरी म्हणून कौल दिला. ज्यांचा हाच धंदा आहे त्यांना चालतं, मग विषय संपला. आणि नावांचं काय करू? इंग्लंडातल्या माणसांना पांडुरंग नि सखुबाई म्हणू?

आता त्या शेवटच्या वाक्याकडं येते.

तोंडानं ‘मॅडम’ म्हणायचं आणि त्याच दमात ‘तुमच्यासारख्या बायकांना’ म्हणायचं, ही कुठली रीत झाली? मतभेदाला माझी ना नाही. या ब्लॉगवर नऊ वर्षांत मी एकही प्रतिक्रिया काढलेली नाही, त्यात माझ्यावर तुटून पडलेल्याही आहेत. पण मुद्दा पुस्तकाचा असताना लिहिणारी बाई आहे की बुवा, फ्लॅटात राहते की शेतात, याची चौकशी कशाला? लातूरच्या माणसाकडून हे आलं म्हणून जास्त लागलं. माझं आजोळ औशाचं आहे. तिथली माणसं भांडतात, पण पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणून भांडतात.

फ्लॅटात मी आत्ता राहते, हे खरं. माझी पहिली सतरा वर्षं अंबाजोगाईत, योगेश्वरीच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीतल्या दगडी वाड्यात गेली. चार बिऱ्हाडं, मधोमध चौक, एक हौद, वर माळवद. कुणाची चूल उशिरा पेटली, कुणाच्या सुनेला माहेरचं पत्र आलं नाही, हे चारही घरांना न सांगता कळायचं. शेजाऱ्याला सगळं माहीत असतं हे मला तुम्ही शिकवू नका.

१९८४ च्या श्रावणात समोरच्या काकूंच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. बळदाशेजारच्या कोनाड्यात पितळी डब्यात ठेवलेल्या होत्या. हवालदार आले, ढाळजेत बसले, आणि त्यांनी विचारलं, “आज वाड्यात कोण कोण आलं होतं?” मी नऊ वर्षांची, लाकडी खांबाला धरून उभी होते. जो तो बोटं मोजून सांगू लागला. कासारीण आली होती. दूधवाला आला होता. पोस्टमन येऊन गेला. आणि आमचा मामा त्या दिवशी सकाळीच परळीहून आला होता, नोकरीच्या शोधात. हवालदारांनी सगळी नावं वहीत उतरवली आणि मामाच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं, ते त्यांनी ब्लेडनं तासलं, आणि रेघ पुरी केली.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला आईला कुणी बोलावलं नाही. ती हौदावर गेली की बाकीच्या बाया अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून घराकडं वळायच्या. मामा पुन्हा त्या वाड्यात आला नाही.

ढाळजेत दिवसभर बसणारे आबा होते. चारही घरांची पत्रं वाचून दाखवायचे, हिशेब मांडून द्यायचे, पोरांना पाढे म्हणायला लावायचे. त्यांचं नाव हवालदारांच्या वहीत चढलंच नाही. कुणी मुद्दाम लपवलं म्हणून नव्हे. कोण आलं होतं, असा प्रश्न होता, आणि आबा कुठून आले नव्हते, ते तिथंच होते. दोन वर्षांनी आबा वारले. तेराव्यानंतर त्यांच्या सुनेला जुन्या पंचांगात गहाणाची पावती सापडली: पाटल्या, जोडी एक, तारीख त्याच आठवड्यातली. रात्री सगळे झोपल्यावर तिनं ती आणून आईच्या हातात दिली. आईनं कंदिलाशी धरून दोनदा वाचली, कनवटीला लावली, आणि पहाटे बंब पेटवताना आत सरकवली. “लेकरं आहेत त्यांच्या घरात,” एवढंच म्हणाली.

चारही घरांना सगळं माहीत होतं, लातूरकर. दूधवाला किती वाजता आला ते माहीत होतं, मामाच्या पिशवीचा रंग माहीत होता. हेच मी त्या लेखात सांगत होते, आणि तुम्ही ते वाचलंच नाही.

किंग्ज अ‍ॅबट हे त्या कादंबरीतलं खेडं घ्या. मिसेस फेरर्स ही तिथली श्रीमंत विधवा १६ सप्टेंबरच्या रात्री मरते. डॉक्टर शेपर्डला १७ तारखेला सकाळी बोलावणं येतं (मराठवाडा मुक्तिदिनाची ही तारीख आपल्याकडं कुणी विसरत नाही, मी पहिल्यांदा वाचताना तिथंच थबकले होते). तो तपासून घरी येतो तर त्याची बहीण कॅरोलाइन हिला बातमी आधीच कळलेली, दूधवाल्याकडून मोलकरणीमार्फत. कॅरोलाइन घरात बसून गावाची खबर ठेवते. मिसेस फेरर्सनं नवऱ्याला विष घातलं असणार हा तिचा तर्कसुद्धा खरा निघतो. आपल्या वाड्यातली शेजारीणच म्हणा ना.

आणि तरी शेजारच्या घरात राहायला आलेला, दुधीच्या जातीचे भोपळे लावणारा मिशाळ परदेशी माणूस निवृत्त न्हावी असणार, असं शेपर्ड ठरवून टाकतो. तो असतो हर्क्युल पॉयरो, जगातला सगळ्यात नावाजलेला गुप्तहेर, मध्ये फक्त एक भिंत. आणि कॅरोलाइन? जिला गावातलं विषाचं प्रकरण घरबसल्या कळलं, तिला स्वतःच्या टेबलावर समोर बसून नाश्ता करणारा भाऊ कळत नाही. त्यानं मिसेस फेरर्सला लुबाडलं, त्यानंच रॉजर अ‍ॅक्रॉइडला सुरा मारला. डॉक्टर कुणाच्याही दारातून कधीही आत जातो. त्याच्याकडं कोण बघतं?

माग लागतो तोही असाच. अ‍ॅक्रॉइडच्या अभ्यासिकेतली उंच पाठीची खुर्ची भिंतीपासून पुढं ओढलेली असते आणि नंतर कुणीतरी ती परत जागेवर सरकवतं. हे पॉयरोला सांगतो कोण? घरातला नोकर पार्कर, कारण खुर्चीची रोजची जागा त्याला ठाऊक. त्या खुर्चीआड डिक्टाफोन, म्हणजे बोललेलं नोंदवून पुन्हा ऐकवणारं यंत्र, लपवलेला होता. डॉक्टर नऊला दहा कमी असताना बाहेर पडला आणि साडेनऊला आतून अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू आला, तो त्या यंत्राचा. खुर्ची हलली तर नजरेत भरते. रोजचं माणूस रोजच्याच जागी असलं, तर काय नजरेत भरणार?

‘मराठवाड्यात कोडी होत नसतात’ म्हणता. मानवत विसरलात? परभणी जिल्हा, १९७२ ते १९७४. आधीच दुष्काळ, आणि वर एकामागून एक मुली नि बाया मारल्या जात होत्या. गाव काही रिकामं नव्हतं, शेजारी होते, गल्ल्या होत्या, सगळ्यांना सगळं माहीत असण्याची सोय होती. शेवटी तपासाला मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना यावं लागलं, आणि पोलिसांनी पकडले ते बाहेरगावचे दरोडेखोर नव्हते, गावातलेच लोक होते. आमच्या अंबाजोगाईतसुद्धा तेव्हा दिवेलागणीनंतर मुलींना दाराबाहेर पाठवत नसत, असं वडील सांगायचे. तुम्ही लातूरचे, तुमच्या घरातल्या थोरांना विचारून बघा.

बांधावरून होणारे खून तुमच्या डोक्यात असतील, तर ती गोष्ट वेगळी. तिथं कुणी मारलं हे गावाला माहीत असतं, प्रश्न असतो कोर्टात उभं राहून सांगणार कोण आणि किती साक्षीदार फितूर होणार. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

पुस्तक तुमच्याकडं असेल तर शेवटची दोन प्रकरणं पुन्हा काढा. पॉयरोनं सगळं ओळखलेलं असतं, आणि शेपर्डला तो एक वाट मोकळी ठेवतो, स्वतःच जीव देण्याची, ती कॅरोलाइनसाठी, तिला भावाचं खरं कधी कळू नये म्हणून. कॉलेजच्या ग्रंथालयात मी ते पान वाचलं तेव्हा मला बंबाचा धूर आठवला आणि पुढची ओळ दिसेना. हे फ्लॅटात बसून सुचलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया आहे तिथंच राहील. ‘तुमच्यासारख्या फ्लॅटात बसून लिहिणाऱ्या बायकांना’ एवढे शब्द मात्र तुम्ही स्वतः काढा. मी काढणार नाही.