खापरी

ॲमरिलिस या फुलझाडाचा कंद दिसायला कांद्यासारखा, पण त्यात लायकोरिन नावाचं विष असतं. म्हणून विश्रांतीचे आठ-दहा आठवडे तो कोरड्या जागी पडून होता, तेव्हा लेकीनं त्याच्या पिशवीवर कवटी काढून ठेवली होती. कवटीला पापण्याही होत्या.

या कंदाला कुंडी घट्टच लागते. कडेनं बोट-बोट जागा आणि वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर, एवढ्यात तो खूश असतो. पाणी साचलं की मात्र कुजतो. एवढ्या साध्या अपेक्षांची कुंडी आपणच घडवावी असं माझ्या मनानं घेतलं, आणि नवरा, लेक, सासूबाई, दोन मैत्रिणी असा लवाजमा घेऊन मी कुंभारकाम शिकायला गेले.

चाकावर मातीचा गोळा आधी मधोमध बसवावा लागतो. तो बसेना. "कोपर मांडीला टेकवा, हात हलू देऊ नका," शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या. हात हलत नव्हते हो, मीच हलत होते! नवऱ्यानं फुलदाणी सुरू केली. ती हातभर उंच झाली, कमरेत लचकली आणि खाली बसली. "बशीच करत होतो," तो म्हणाला. मैत्रिणींचं हसता हसता स्वतःच्या चाकाकडे दुर्लक्ष झालं, त्यामुळे बशा एकूण तीन झाल्या.

सासूबाई चाकाकडे फिरकल्याच नाहीत. मातीच्या वळ्या वळून एकावर एक रचत त्यांनी कोपऱ्यात काहीतरी उभं केलं. जाता जाता माझ्या कुंडीत डोकावल्या. "खाली भोक?"

"करू नंतर," मी म्हटलं. काठाला नक्षी चालली होती.

कंद 11 सेंटिमीटरचा, म्हणून कुंडी मी आतून मोजून 13 ठेवली होती. पण माती वाळताना आटते, भट्टीत आणखी आटते. हजारेक अंशांतून बाहेर आलेल्या कुंडीत कंद बसला खरा, पण बाटलीला बूच बसावं तसा. मुळांनी जायचं कुठे? शिवाय भोक राहिलंच होतं. ओल्या मातीत जे काम काडीनं झालं असतं, त्यासाठी नवऱ्यानं ड्रिल काढलं. "एका मिनिटात करतो," म्हणाला. त्याच्या आतच झालं. कुंडीचे चार तुकडे.

सासूबाईंची कुंडी मुळातच दोन बोटं मोठी होती. "माती आटतेच," एवढंच म्हणाल्या. तळाला बोट जाईल एवढं भोकही होतं. त्या भोकावर खापरी ठेवावी लागते, पाणी जावं पण माती जाऊ नये म्हणून. त्यांनी माझ्या तुकड्यांतला नक्षीचाच तुकडा उचलला.

सात आठवड्यांनी दोन दांडे आले, दांड्याला चार-चार फुलं. येणारे-जाणारे आधी फुलांचं कौतुक करतात, मग कुंडीचं. तळाची नक्षी माझी आहे, असं मी प्रत्येकाला सांगते. लोक कुंडी थोडी कलती करून बघतात आणि हो म्हणतात.