सोलापूर ते पंढरपूर पायी : आधी मुक्काम ठरवा, मग टप्पे

सोलापूरकराच्या मनात पायी जाण्याचे माप तुळजापूरचे असते. कोजागरीला रूपाभवानीचे दर्शन घेऊन संध्याकाळी निघायचे, रात्रभर चालायचे आणि सुमारे ४५ किलोमीटरची वाट उरकून सकाळी घाट चढायचा. वाटेत चहा, केळी, खिचडी वाटणारी मंडळे असतात, हजारोंची सोबत असते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच हिशोबाने ‘पंढरपूर म्हणजे दोन तुळजापूर, दोन दिवसांत होईल’ असे सांगणारे कोणी ना कोणी दर माघीच्या आधी भेटतातच. माझ्या मते हा हिशोबच चुकीचा आहे, कारण इथे दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचे असते आणि ते चालणे आदल्या रात्री पाठ कुठे टेकली यावर अवलंबून असते.

हे मी स्वतः चुकून शिकलो. पहिल्या वेळी आम्ही तिघे उत्साहाच्या भरात अंधार पडेपर्यंत चाललो आणि ज्या देवळाच्या सभामंडपाच्या भरवशावर होतो, तिथे लग्नाचे वऱ्हाड उतरलेले होते. आधी फोन केला नव्हता, त्यामुळे दोष आमचाच. अखेर एका बंद दुकानाच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर, तिघांत एक चादर अंगावर घेऊन रात्र काढली. सोलापुरी चादर कितीही जाड असली तरी ती अंगावर घ्यावी की अंगाखाली घालावी, हा प्रश्न माघातल्या पहाटे तीन वाजता सुटत नाही. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आणि पोटरीत गोळे घेऊन मंगळवेढ्यापर्यंत कसेबसे पोहोचलो आणि तिथून मुकाट्याने एसटी धरली.

आता मी मंगळवेढ्याच्या मार्गाने चार दिवस आणि वाटेत तीन मुक्काम असा बेत करतो. मोहोळवरूनही जाता येते, पण शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूरहून तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा अशीच पुढे जाते, त्यामुळे या गावांना पायी येणाऱ्यांची सवय आहे. पहिला टप्पा मुद्दाम लहान, सीनेकाठच्या तिऱ्ह्यापर्यंत ठेवावा. पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेरचे हे अंतर अनेकांना क्षुल्लक वाटते, पण चप्पल कुठे चावते आणि पाठीवरच्या पिशवीतले काय घरी परत पाठवायला हवे, हे तिथेच कळते, आणि तिथून सोलापूर अजून जवळ असते. दुसरा दिवस सर्वांत लांब. कामतीला जेवण आणि विश्रांती, मग उन्हे कलल्यावर बेगमपूरचा पूल ओलांडून माचणूर. चौपदरीकरणानंतर या महामार्गावर सावली फारशी उरलेली नाही, म्हणून पहाटे पाचला निघून दहापर्यंत निम्मे अंतर कापावे आणि समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालावे.

माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे मंदिर आहे. शेजारच्या ब्रह्मपुरीत औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. आपल्याला एकच रात्र हवी असते, तीही आधी विचारून ठेवावी लागते. फोन दोनदा करावा, आठ दिवस आधी आणि निघायच्या आदल्या दिवशी, आणि माणसे किती, त्यात बाया किती, शौचालयाची सोय कशी, हे संकोच न करता विचारावे. ‘या, जागा आहे’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा ‘छप्पर आहे’ एवढाच असतो.

तिसरा दिवस मंगळवेढ्यापर्यंत, पुन्हा हलका. मालदांडी ज्वारीच्या रानांमधून दुपारपर्यंत गाव येते आणि दामाजीपंतांच्या दर्शनाला निवांत वेळ मिळतो. शेवटचा टप्पा वीस किलोमीटरहून अधिक असला तरी तो पायांना जाणवत नाही. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली गाडले गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला नेल्या, असे परंपरा सांगते. ती वाट हीच, असे मनात धरून मी चालतो आणि पोहोचल्यावर नामदेव पायरीसमोरच्या चोखोबांच्या समाधीपाशी आधी थांबतो.

पंढरपुरातली रात्र मात्र सर्वांत आधी ठरवावी. माघी एकादशीला भक्तनिवासांत जागा मिळणे कठीण असते, म्हणून आम्ही द्वादशी टळल्यावर पोहोचतो. काही वारकरी स्नेह्यांना हे पटत नाही आणि त्यांचे म्हणणे चूक आहे असेही मी म्हणणार नाही. मात्र पोहोचल्या दिवशी मुखदर्शनावर समाधान मानून झोपावे आणि पदस्पर्शाच्या रांगेत दुसऱ्या दिवशी पहाटे, पाय धड असताना उभे राहावे.