बेसमधली टेबलं दिसत नाहीत म्हणजे फाइल करप्ट झाली, असं नाही

लिबरऑफिसमधला डेटाबेसचा प्रोग्राम म्हणजे बेस, आणि त्याची फाइल म्हणजे ओडीबी. या फाइलींबद्दल एक सल्ला सर्रास पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: टेबलं गायब दिसली म्हणजे फाइल करप्ट झाली. लिबरऑफिस काढून नव्याने टाका. मग फाइल उघडून एकदा सेव्ह करा. नाहीच जमलं तर तिला झिपचं नाव द्या, उलगडा आणि परत झिप करा. फाइल काही केबींचीच असेल तर डेटा गेला समजा, नाहीतर रिकव्हरी सॉफ्टवेअर घ्या.

यातली सेव्ह करण्याची पायरी घातक आहे, म्हणून पुढचं वाचण्याआधी एवढं करा: बेस उघडा असेल तर "डोन्ट सेव्ह" निवडून बंद करा, फाइलची कॉपी काढा आणि यापुढे जे करायचं ते कॉपीवरच करा.

"टेबलं दिसत नाहीत, म्हणजे फाइल करप्ट झाली"

आधी खिडकीच्या तळाची पट्टी वाचा. फाइल कोणत्या प्रकारच्या डेटाबेसला जोडलेली आहे ते तिथे लिहिलेलं असतं: एम्बेडेड एचएसक्यूएलडीबी, एम्बेडेड फायरबर्ड, डीबेस, स्प्रेडशीट, टेक्स्ट, मायएसक्यूएल वगैरे. पुढचा सगळा तपास या एका ओळीवर ठरतो.

तिथे "एम्बेडेड" (म्हणजे डेटाबेस फाइलच्या आतच आहे) नसेल तर टेबलं त्या ओडीबी फाइलमध्ये कधी नव्हतीच. अशा फाइलमध्ये फक्त फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट आणि जोडणीचा पत्ता असतो. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की फॉर्म आणि क्वेरींची यादी जशीच्या तशी दिसते, टेबलं मात्र नाहीत, कारण ती जुन्या मशीनवरच्या फोल्डरमध्ये किंवा सर्व्हरवर आहेत. एडिट → डेटाबेस → प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पत्ता तपासा आणि दुरुस्त करा. डीबेसमध्ये एक अख्खं फोल्डर म्हणजे डेटाबेस आणि त्यातली प्रत्येक डीबीएफ फाइल म्हणजे एक टेबल. तिथे फाइलचं एक्स्टेन्शन रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत हवं, मोठ्या अक्षरांतलं असेल तर टेबल यादीत न येण्याची शक्यता असते. टेक्स्ट जोडणीत सीएसव्ही की टीएक्सटी हे तुम्ही निवडलेलं असतं; फोल्डरमधल्या फाइलींचं एक्स्टेन्शन वेगळं असेल तर यादी रिकामीच राहणार.

पट्टीवर "एचएसक्यूएलडीबी एम्बेडेड" असेल तर पहिला संशय जावावर घ्या. डेटाबेस चालवणारं हे इंजिन जावा या भाषेत लिहिलेलं आहे, आणि जावा रनटाइम (जावातले प्रोग्राम चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) नसेल तर ते सुरूच होत नाही. फॉर्म आणि क्वेरींच्या याद्यांना जावा लागत नाही, म्हणून त्या दिसतात, आणि माणसाला वाटतं की फाइल उघडली पण टेबलं उडाली. टूल्स → ऑप्शन्स → लिबरऑफिस → ॲडव्हान्स्ड इथे जावा वापरण्याची खूण आहे का आणि खालच्या यादीत एखादी जावा निवडलेली आहे का ते बघा. ६४-बिट लिबरऑफिसला ६४-बिट जावाच लागते. ३२-बिट असेल तर ती चालत नाही. बदल केल्यावर लिबरऑफिस पूर्ण बंद करून परत उघडा.

साध्या गोष्टीही तपासून टाका. फाइल उघडताच बहुतेकदा फॉर्म्स विभाग निवडलेला असतो, तेव्हा डावीकडे टेबल्सवर क्लिक करा. एखादं टेबल "टूल्स → एसक्यूएल"मधून कमांड देऊन बनवलं असेल तर व्ह्यू → रिफ्रेश टेबल्स केल्याशिवाय ते यादीत येत नाही. टूल्स → टेबल फिल्टरमध्ये कोणत्या टेबलाची खूण निघालेली नाही ना, तेही बघा. आणि रायटर किंवा कॅल्कमधून डेटा सोर्स उघडत असाल तर ऑप्शन्स → लिबरऑफिस बेस → डेटाबेसेस इथे नोंदवलेला पत्ता वाचा. फाइल हलवली तरी नोंद जुन्याच जागेची राहते, त्यामुळे तुम्ही एखादी जुनी कॉपी बघत असण्याची शक्यता बरीच असते.

"लिबरऑफिस काढून नव्याने टाका"

टेबलं फाइलमध्ये असतात किंवा बाहेरच्या डेटाबेसमध्ये, प्रोग्राममध्ये नसतात. नव्याने टाकल्याने जावा आपोआप येत नाही, कारण ती वेगळी टाकावी लागते. पत्ता चुकलेला असेल तर तो फाइलमध्ये आहे, तोही तसाच राहतो. बरं, ऑप्शन्समधल्या सेटिंग्ज युजर प्रोफाइलमध्ये असतात आणि प्रोग्राम काढला तरी प्रोफाइल सहसा मागे राहते, म्हणजे चुकीचं सेटिंगही परत येतं.

त्यातलं एक सेटिंग खरंच डोकेदुखी ठरतं. ॲडव्हान्स्डमधल्या क्लास पाथमध्ये (जावाने कोणत्या जादा फाइली वापरायच्या त्या यादीत) कोणी एचएसक्यूएलडीबीच्या २.x आवृत्तीची जार फाइल घातली असेल, तर एम्बेडेड फाइल तिच्यातून उघडली जाते आणि नव्या स्वरूपात बदलली जाते. बेससोबत येणारं इंजिन १.८ आहे, त्याला ती बदललेली फाइल नंतर वाचता येत नाही. ज्या मशीनवर ती जार फाइल आहे तिथे सगळं ठीक, बाकी सगळीकडे टेबलं गायब, असं चित्र दिसलं की हेच कारण शोधा.

"फाइल उघडून एकदा सेव्ह करा"

हे कधीही करू नका. सेव्ह करताना बेस समोर आहे ती अवस्था फाइलमध्ये लिहितं. इंजिनाने त्या वेळी टेबलं अर्धवट वाचली असतील किंवा वाचलीच नसतील, तर आतल्या चांगल्या डेटावर तीच अवस्था बसण्याचा धोका असतो. ज्या फाइलमधून सगळं परत मिळालं असतं, ती एका क्लिकमध्ये जाते. बंद करताना बेस सेव्हबद्दल विचारतं, तिथे घाईत "सेव्ह" दाबण्याची सवय सर्वांत जास्त नुकसान करते.

"झिपचं नाव द्या, उलगडा आणि परत झिप करा"

अर्धी गोष्ट खरी आहे: ओडीबी ही झिपच असते आणि तिच्या आत डोकावणं हाच नेमका तपास आहे. पण परत झिप केल्याने काहीही दुरुस्त होत नाही, उलट बिघडू शकतं. आतली माइमटाइप नावाची छोटी फाइल सर्वांत आधी आणि न आवळता (कॉम्प्रेस न करता) ठेवलेली असायला हवी, आणि हाताने झिप करताना हा क्रम मोडतो. बाहेरचं फोल्डर धरून झिप केलं तर सगळे पत्ते एक पायरी खोल जातात आणि बेसला काहीच सापडत नाही.

म्हणून फक्त बघा. कॉपी आर्काइव्ह मॅनेजरमध्ये (झिप उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा आणि "डेटाबेस" हे फोल्डर शोधा. ते नसेल तर जोडणी बाहेरची आहे, किंवा एम्बेडेड डेटाबेस कधी साठवलाच गेला नाही. त्यात फायरबर्ड नावाची एफबीके फाइल असेल तर इंजिन फायरबर्ड आहे. एचएसक्यूएलडीबी असेल तर स्क्रिप्ट, प्रॉपर्टीज, डेटा आणि बॅकअप अशा फाइली दिसतील.

स्क्रिप्ट साध्या एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक टेबलामागे "क्रिएट कॅश्ड टेबल" अशी एक ओळ असते आणि पुढे कॉलमची नावं. ती ओळ असेल तर टेबल आहे, मग बेस काहीही दाखवो. नावं देवनागरीत ठेवली असतील तर ती थेट दिसणार नाहीत: प्रत्येक अक्षराऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार स्थानांचा युनिकोड क्रमांक येतो. क साठी ०९१५, स साठी ०९३८. हे पाहून अनेकजण फाइल खराब झाली म्हणतात, पण १.८ इंजिन स्क्रिप्टमध्ये असंच लिहितं. प्रॉपर्टीजमध्ये "व्हर्जन" समोर १.८.० आहे का बघा. २ ने सुरू होणारा आकडा असेल तर वरची क्लास पाथची भानगड झालेली आहे.

रेकॉर्ड मात्र डेटा या फाइलमध्ये असतात. स्क्रिप्टच्या खालच्या भागात "सेट टेबल … इंडेक्स" अशा ओळी असतात. त्यांतले आकडे म्हणजे त्या टेबलाच्या इंडेक्सची सुरुवात डेटा फाइलमध्ये कुठे आहे त्या जागा. म्हणून जुन्या बॅकअपमधली स्क्रिप्ट आणि आजची डेटा फाइल एकत्र लावून चालत नाही. चारही फाइली एकाच कॉपीतल्या हव्यात.

स्क्रिप्ट शाबूत असेल पण बेसमध्ये टेबलं येत नसतील तर चारही फाइली एका रिकाम्या फोल्डरमध्ये काढा आणि सगळ्यांना एकच नाव द्या, जुनी नावं एक्स्टेन्शन म्हणून राहू द्या: जुना.स्क्रिप्ट, जुना.डेटा, याप्रमाणे, पण रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. क्लास पाथमध्ये लिबरऑफिससोबत आलेली एचएसक्यूएलडीबीची १.८ जार फाइल घाला. नवी ओडीबी बनवताना "कनेक्ट टू ॲन एक्झिस्टिंग डेटाबेस" आणि त्यात जेडीबीसी (जावातून डेटाबेसला जोडण्याची पद्धत) निवडा. पत्त्याच्या चौकटीत "जेडीबीसी:" आधीच असतं. त्यापुढे "एचएसक्यूएलडीबी:फाइल:" आणि मग फोल्डरचा पूर्ण पत्ता व सामाईक नाव, एक्स्टेन्शनशिवाय. "टेस्ट क्लास" यशस्वी झाल्यावर युजर एसए, पासवर्ड रिकामा. टेबलं उघडली की लगेच कॅल्कमध्ये ओढून कॉपी करा.

"फाइल छोटी असेल तर डेटा गेला"

बाहेरच्या डेटाबेसला जोडलेली ओडीबी काही केबींचीच असते आणि ते तिचं योग्य माप आहे. उलट, फॉर्ममध्ये चित्रं घातली की एकही टेबल नसलेली फाइलही मोठी होते. आकार पाहायचाच असेल तर झिपच्या आतल्या डेटा फाइलचा बघा.

"रिकव्हरी सॉफ्टवेअर घ्या"

ही सॉफ्टवेअर डिस्कवरून उडवलेल्या फाइली शोधतात. फाइल जागेवर आहे आणि आतलं टेबल डिलीट करून सेव्ह झालंय, तर त्यांचा काही उपयोग नाही. स्क्रिप्टमध्ये त्या टेबलाची ओळच नसते. डिलीट झालेल्या रेकॉर्डचे अवशेष डेटा फाइलमध्ये काही काळ राहू शकतात, आणि "चेकपॉइंट डीफ्रॅग" किंवा "शटडाउन कॉम्पॅक्ट" चालवलं की तेही पुसले जातात. म्हणून जागा वाचवण्यासाठी या कमांड आत्ता चालवू नका. सिंक फोल्डरची व्हर्जन हिस्ट्री, विंडोजमधली "प्रीव्हियस व्हर्जन्स", कोणाला मेलने पाठवलेली जुनी ओडीबी, यांपैकी काही मिळालं तर त्यातल्या स्क्रिप्टमध्ये आधी "क्रिएट कॅश्ड टेबल" शोधा. ओळ सापडली तर ती कॉपी बेसमध्ये उघडा, हवं ते टेबल चालू फाइलमध्ये ओढा आणि दोन्हीकडच्या रेकॉर्डची संख्या जुळवून बघा.